भाजलेली चुंबकं

तव्यावर चौदा प्लग बसले होते, पंधराव्याला जागा नव्हती, आणि तेलमास्तर चिमट्यानं एकेकाला उलटत होते, एवढ्यात शेजारी बादली घेऊन आत घुसला आणि त्यानं सगळं पाणी मास्तरांच्या अंगावर ओतलं. शेगडीवर एक थेंब पडला नाही. शेजाऱ्याला खिडकीतून काळा धूर दिसला होता आणि तो माणुसकीनं धावला होता, त्यामुळे मास्तरांना त्याला काही बोलताही येईना. शेजाऱ्यानं तव्यात डोकावून विचारलं, हे काय करताय. मास्तरांनी निथळत्या अंगानं सांगितलं, की बसचे प्लग भाजतोय. शेजारी जरा विचार करून म्हणाला, वेळ लागेल शिजायला, आणि रिकामी बादली घेऊन निघून गेला.

संध्याकाळी बायको बहिणीकडून परतली. घरात जळक्या तेलाचा वास, भिंतीला काजळी, आणि तिचा वीस वर्षं वापरलेला तवा डांबरासारखा काळा. तिनं आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "हा तवा आता डेपोतच न्या. तुमच्या बसेसना भूक लागली की कामाला येईल."

मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या दिवशी ते भलतेच खुशीत होते. त्यांनी शोध लावला होता.

एकतीस वर्षं ते बस डेपोत एकच काम करत होते, इंजिनांचं तेल बदलणं. बेचाळीस बसेस, दर तीन महिन्यांनी प्रत्येकीचं काळं तेल काढायचं आणि नवं भरायचं. इंजिनाच्या तळाला तेल सोडायचा एक जाड बोल्ट असतो, त्याला सगळे प्लग म्हणतात. त्या प्लगच्या टोकात वाटाण्याएवढं चुंबक बसवलेलं असतं. इंजिन चालताना आतलं लोखंड झिजतं, त्याचा बारीक कीस तेलात फिरतो, आणि तळाशी आला की चुंबक त्याला धरून ठेवतं. तीन महिन्यांनी प्लग काढला की टोकाला करड्या किसाची लव आलेली असते. डेपोत तिला मिशी म्हणायचे.

ही मिशी वाचावी मास्तरांनीच. बोटाच्या चिमटीत ते ती चोळायचे, उजेडात धरायचे, वास घ्यायचे. पावडरीसारखी मऊ असली की म्हणायचे, ठणठणीत. हाताला बोचली, कुसळासारखे तुकडे लागले, की म्हणायचे, मिस्त्रीला बोलवा. ड्रायव्हर लोक, बसखाली उतरून काम करायला खणलेल्या खड्ड्याच्या काठावर टोप्या हातात घेऊन उभे असायचे, डॉक्टरच्या दारात असल्यासारखे. कुणी हळूच विचारायचं, मास्तर, काळजीचं काही? आणि मास्तर घाई न करता चष्मा पुसायचे. आयुष्यात दुसरा कुठला रुबाब त्यांनी केला नव्हता.

मग नवे साहेब आले. ते मुख्य कचेरीतल्या स्टेशनरी विभागातून आले होते आणि बसचं इंजिन पुढे असतं की मागे हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं. पण उत्साह दांडगा. त्यांनी खड्ड्याशी येऊन विचारलं, की प्लगला हे काय लागलंय. मास्तरांनी अर्धा तास मन लावून समजावलं. साहेबांनी त्यातलं एवढंच घेतलं, की लोखंड कमी ते चांगलं. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. ज्याच्या प्लगला मिशी जास्त, तो ड्रायव्हर वाईट. फाटकावर कापडी फलक लागला, मिशीमुक्त डेपो.

तेरा नंबरची बस चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत, कारण तो मोकळ्या रस्त्यावरही हॉर्न वाजवायचा. त्याच्या मिशा गालांवर टेकलेल्या, वीस वर्षांच्या. त्यानं कचेरीला लेखी विचारलं, की सदर योजनेत मी येतो काय. आठ दिवसांनी उत्तर आलं, प्रकरण विचाराधीन आहे. त्यानं खबरदारी म्हणून तोवर डाव्या बाजूची कापून ठेवली.

योजनेची सुरुवात कोऱ्या पाटीनं व्हावी, म्हणून साहेबांनी सगळे प्लग आरशासारखे स्वच्छ करून मागितले, तेही दोन दिवसांत. इथंच घोळ झाला. चुंबकावरचा कीस पुसणं म्हणजे वैताग असतो. फडक्यानं पुसला की इकडचा तिकडे जातो, ब्रशनं झाडला की ब्रशला न चिकटता पुन्हा चुंबकालाच चिकटतो. मास्तरांनी दोन प्लग पुसण्यात दुपार घालवली, मग बाकीचे पिशवीत भरून घरी नेले आणि शेगडी पेटवली. तेल जळून जाईल, कीस सुटेल, असा हिशेब. आणि खरंच सुटला. तापून लाल झालेला प्लग मोरीच्या कडेवर हलकेच दोनदा आपटला, की सगळा कीस झरझर खाली. एकतीस वर्षं जे चुंबक हट्ट सोडत नव्हतं, ते भाजल्यावर दोन टिचक्यांत शहाणं झालं. पुसलेले दोनही मग त्यांनी भाजले, उगाच त्यांच्यावर अन्याय नको म्हणून.

एकेचाळीस झाले. बेचाळिसावा एकोणतीस नंबरच्या बसचा, ती रंगकामाला गेली होती. ती परत आली तोवर घरातली शेगडी मास्तरांना बंद झाली होती, म्हणून तो एक प्लग त्यांनी फडक्यानं, नखानं आणि शिव्या घालत स्वच्छ केला.

एकोणतीस नंबर त्यांची मुलगी चालवायची.

चार वर्षं तिनं त्याच डेपोत तिकिटं फाडली होती. मग लायसन्स काढलं, दोनदा परीक्षेत नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली, आणि गेलं दीड वर्ष ती स्टेअरिंगवर होती. डेपोत ती बापाला मास्तर म्हणायची. तो नियम मास्तरांचाच, तिच्या पहिल्या दिवशी त्यांनी जिन्यात थांबवून सांगितलेला. इथं मी कुणाचा बाप नाही आणि तू कुणाची पोर नाहीस.

तीन महिन्यांनी तेल बदलायची पाळी आली. एक नंबरचा प्लग निघाला तो तान्ह्या बाळाच्या गालासारखा. दोन नंबरचाही तसाच. संध्याकाळपर्यंत अकरा निघाले, एकालाही मिशी नाही. मास्तरांच्या मनात काहीतरी टोचलं, पण तोवर साहेब टायपिस्टला अहवाल सांगायला बसले होते. ड्रायव्हर एकमेकांच्या पाठी थोपटत होते, आणि भोंगा सांगत फिरत होता, की आपण मुळात गाडी फुलासारखीच चालवतो. चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण घेतं. मास्तरांनी मनाला समजावलं, पोरं सुधारली असतील.

पुढच्या दिवसांत बाकीचेही तसेच गुळगुळीत निघाले, आणि सगळ्यांत शेवटी एकोणतीसचा प्लग निघाला. त्याला मिशी होती. मऊ, करडी, बेताची. इतर कुठल्याही वर्षी मास्तर न बघता ठणठणीत म्हणाले असते. पण एकेचाळीस गुळगुळीत प्लगांच्या शेजारी ती भयंकर दिसायला लागली.

साहेब खड्ड्याशी आले. मुलगी तिथंच उभी होती. साहेबांनी विचारलं, मास्तर, घरचा मामला आहे म्हणून तुम्हालाच विचारतो, चुंबक खोटं बोलतं का.

मास्तर म्हणाले, "नाही."

निकाल लागला. सोमवारी मुख्य कचेरीच्या मॅडम डेपोला ढाल द्यायला येणार होत्या, त्याच दिवसापासून एकोणतीस नंबर दुसऱ्याकडे, आणि मुलगी तिकीट खिडकीवर. समारंभासाठी सगळे प्लग पांढऱ्या फळीवर टांगायचे ठरले. बसेसना तोवर बिनचुंबकाचे साधे बोल्ट लावले. साहेबांचं म्हणणं, कीस काय, आठवडाभर थांबेल. एकोणतीसचा प्लग तेवढा फळीवर नको, म्हणून मास्तरांच्या पिशवीत गेला.

घरी मास्तरांनी पोरीला बसवून क्लच कसा सोडावा, चढावर गिअर कधी टाकावा, हे समजावायला घेतलं. तिनं पाचेक मिनिटं ऐकलं.

"चुंबकाला विचारलंत," ती म्हणाली. "मला एकदा तरी विचारायचं होतंत, गाडी कशी चालवतेस म्हणून."

त्यानंतर तिनं बापाशी बोलणं बंद केलं. एकाच टेबलाशी बसून ती आईला सांगायची, त्यांना म्हणावं मीठ सरकवा. आई म्हणायची, मीठ सरकवा. मास्तर मीठ सरकवायचे आणि आईला विचारायचे, तिला पाणी हवंय का. तीन दिवस त्या बाईची जेवणं थंड झाली.

रविवारी सकाळी मुलगी शेवटची फेरी करायला गेली होती. बायको खिडकीशी बसून तिच्या शर्टावरचा चालक असं लिहिलेला बिल्ला उसवत होती. मास्तर टूथपावडरीनं नऊ नंबरचा प्लग घासत होते, कारण फळीवर तो जरा मळका दिसतोय असं साहेबांना वाटलं होतं. बायकोच्या मांडीवरून डबी घसरली आणि सगळ्या सुया फरशीवर पसरल्या.

मास्तर म्हणाले, उठू नकोस, आणि ऐटीत तो प्लग सुयांवरून फिरवला. एक सुई हलली नाही. त्यांनी पुन्हा फिरवला, अगदी घासून. सुया ढिम्म. मग त्यांनी एक सुई उचलून उजेडात धरली, वाकवून बघितली, दाताखाली दाबली, आणि हल्लीच्या सुयांत लोखंडच घालत नाहीत असं सुनावलं.

"सुयांनी तुमचं काय घोडं मारलंय?" बायको म्हणाली. तिनं त्यांच्या पिशवीत हात घालून दुसरा प्लग काढला, एकोणतीसचा, आणि फरशीवरून फिरवला. सुया टुणकन उड्या मारून त्याला जाऊन बिलगल्या. "हा जिवंत आहे. तो तुम्ही भाजला होतात." ती सुया एकेक सोडवून डबीत ठेवायला लागली. 

मास्तर फरशीवरच बसून राहिले. एकेचाळीस प्लगना मिशी आली नाही ती ड्रायव्हर सुधारले म्हणून नव्हे. चुंबकं मेली होती. ती तव्यावर मेली होती, आणि आपण मोरीवर टिचक्या मारत शोध लागला म्हणत होतो. डेपोत एकच चुंबक काम करत होतं, आणि त्यानं काम केलं म्हणून पोरीची गाडी जात होती.

सोमवारी आठ वाजता ते साहेबांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं, तव्यासकट. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग विचारलं, अजून कुणाला माहीत आहे. मास्तर म्हणाले, बायकोला. साहेबांनी बायकोचा धोका मनात तोलून पाहिला. मग हळूहळू त्यांचा चेहरा फुलत गेला.

"मास्तर," ते म्हणाले, "मग तिचाही भाजा."

मास्तरांना कळेना. साहेबांनी खुर्ची पुढे ओढून प्रेमानं समजावलं. तो प्लगही स्वच्छ झाला की बेचाळीसपैकी बेचाळीस. मुलीवर ठपका नाही, स्टेअरिंग तिच्याकडेच. डेपोला ढाल. मास्तर सात महिन्यांनी रिटायर होतील ते सत्कार घेऊन. नवी चुंबकं पुढच्या वर्षी सावकाश मागवू. कुणाचंच काही बिघडत नाही.

मास्तर कॅन्टीनमध्ये गेले. चहावाल्यानं त्यांच्या हातातली पक्कड आणि प्लग पाहून काही न विचारता चहाचं पातेलं उतरवलं आणि शेगडी मोकळी करून दिली. मास्तरांनी पकडीत प्लग धरला. वाईट याचं वाटत होतं, की साहेबांचा उपाय खरंच सोयीचा होता. एकतीस वर्षांत इतका बिनत्रासाचा उपाय डेपोत कुणाला सुचला नव्हता.

मुलगी बसची किल्ली जमा करायला निघाली होती. दारातून तिला शेगडीशी उभा बाप दिसला, ती आत आली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं त्यांना सरळ विचारलं, काय करताय. मास्तरांनी सांगितलं. चुंबकं कशी मेली ते, साहेब काय म्हणाले ते, खिडकीवर जावं लागणार नाही तेही. ती ऐकत राहिली.

"बाकीच्या गाड्यांचं काय?" तिनं विचारलं.

"त्यांना आता साधे बोल्ट. आणि आधीचे तीन महिने हे मेलेले. आत काय झिजतंय, कुणाला पत्ता नाही."

"मग मला हे सांगताय की विचारताय?"

शेगडीची ज्योत फुरफुरत होती. चहावाला पातेलं हातात धरून थांबला होता.

"विचारतोय," मास्तर म्हणाले.

"मग नका भाजू."

एवढं बोलून ती किल्ली द्यायला निघून गेली. चहावाल्यानं पातेलं परत चढवलं.

समारंभ दहाला सुरू झाला. फळीवर मखमली कापड टाकलं होतं आणि ते ओढायचा मान तेलमास्तरांचा होता. मास्तरांनी कापड ओढलं, टाळ्या झाल्या, आणि लोकांना वाटलं आता ते खाली उतरतील. पण त्यांनी कचेरीतून आणलेली टाचण्यांची पत्र्याची ताटली मॅडमच्या समोर टेबलावर ठेवली, फळीवरचा पहिला प्लग काढला आणि टाचण्यांवर धरला. काही झालं नाही. दुसरा काढला. काही झालं नाही. साहेबांनी वेळ मारून न्यायला टाळ्या वाजवल्या. साहेब वाजवतात म्हणून सगळ्या डेपोनं वाजवल्या. पुढे प्रत्येक प्लगला टाचण्या हलल्या नाहीत की टाळ्या पडू लागल्या, आणि सातव्याला तर भोंग्यानं शिटी मारली.

मॅडमनी विचारलं, म्हणजे इतके हे स्वच्छ आहेत ना.

"स्वच्छ नाहीत, मॅडम," मास्तर म्हणाले. "मेलेत. मी मारलेत. घरी, तव्यावर भाजून."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. मागच्या रांगेत ऐकू गेलं नव्हतं, तिथं त्या थोडा वेळ चालू राहिल्या.

मास्तरांनी खिशातून एकोणतीसचा प्लग काढला. ताटलीपासून बोटभर लांब होता तरी टाचण्या थरथरायला लागल्या, आणि जवळ नेल्यावर सगळ्याच्या सगळ्या त्याला लटकल्या, पाठोपाठ ताटलीही उचलली गेली. लोक हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, की डेपोत हे एकच चुंबक जागं आहे. याला कीस लागला तो गाडी वाईट चालवली म्हणून नाही. असा कीस सगळ्याच गाड्यांत असतो, तो बघायलाच ही चुंबकं बसवलेली आहेत. बाकीच्या एकेचाळीस गाड्यांत काय चाललंय ते आज इथं कुणीच सांगू शकत नाही, आणि ही चूक ड्रायव्हरची नाही, माझी आहे.

ढाल खोक्यातून बाहेर निघालीच नाही. चहा-बिस्किटं मात्र झाली, कारण ती आधीच मांडली होती. मॅडमनी जाताना मुलीला बोलावून किल्ली तिच्या हातात दिली, आणि नवी चुंबकं आठवडाभरात सगळ्या बसेसमध्ये बसली. पंधरा दिवसांनी सगळे प्लग पुन्हा काढून पाहिले. एकेचाळीस गाड्यांना मऊ, करड्या, शहाण्या मिश्या. भोंग्याच्या तेरा नंबरला मात्र कुसळं निघाली, नखाएवढी. मिस्त्रीनं इंजिन उघडलं आणि सांगितलं, अजून आठ दिवस गेले असते तर हे भर चढावर जाम झालं असतं, पन्नास माणसांसकट. भोंगा त्या दिवशी हॉर्न न वाजवता घरी गेला.

साहेबांची बदली झाली, अर्थात वरच्या जागेवर. मास्तरांना पत्र आलं. डेपोची मालमत्ता घरगुती शेगडीवर तापवल्याबद्दल त्यांच्याकडून तेलाचं काम काढून घेण्यात येत आहे आणि उरलेले सात महिने त्यांनी बस धुण्याच्या कट्ट्यावर काम करावं. पत्रातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, म्हणून त्यांनी पोच लिहून दिली.

आता खड्ड्याशी मिस्त्री बसतो. तेल बदलायच्या दिवशी ड्रायव्हर टोप्या हातात घेऊन मास्तरांच्या कट्ट्यावरून पुढे जातात. कुणी मान हलवतं, कुणी हलवत नाही. मास्तर पाइप गुंडाळतात, फडकी पिळतात. मिस्त्री मिशी नुसती डोळ्यांनी बघतो, चिमटीत घेऊन चोळत नाही, हे त्यांना इथूनही दिसतं. ते कुणाला काही सांगायला जात नाहीत.

दुपारी एकोणतीस नंबर धुवायला आली. कट्ट्याच्या टोकाला पाणी वाहून जायची जाळी आहे, पुढचं चाक बरोबर तिच्या अलीकडे थांबवावं लागतं, नाहीतर पाणी साचतं. मास्तर समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. काचेआड मुलगी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती. मास्तरांनी खुणेनं बोलावलं, बस आली. त्यांनी तळवा दाखवला, बस थांबली. खाली वाकून त्यांनी चाक पाहिलं आणि अंगठा नि तर्जनी एकमेकांजवळ आणून दाखवली, एवढं पुढे.

इंजिनाचा आवाजही बदलला नाही. बस एक बोटभर पुढे सरकली आणि तिथंच उभी राहिली.

मास्तरांनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि तिच्या बाजूची काच पुसायला घेतली.